करडमाळावरचा नवा देव

करडमाळाच्या टेकडीवर सध्या जो देव आहे, तो माझ्यामुळे आहे. हे मी अभिमानाने सांगत नाही. मी भोसरीतल्या एका प्रयोगशाळेत पाण्याचे आणि रंगांचे नमुने तपासते. माझं शिक्षण रसायनशास्त्रात झालं आहे आणि देव निर्माण करणं माझ्या कामात कुठेही बसत नाही. मला फक्त माझ्या वडिलांना एक दगड दाखवायचा होता.

करडमाळ चाकणच्या पुढे, राजगुरुनगरकडे जाताना डाव्या हाताला लागतो. वर उभं राहिलं की एका अंगाला नदीचं वळण आणि कांद्याची शेतं दिसतात, दुसऱ्या अंगाला कारखान्यांची निळी छपरं. छपरं जास्त आहेत. त्यांतल्याच एका कंपनीने समाजसेवेच्या निधीतून टेकडीवर दगडी शिल्पं करवून घेतली. शिल्पं आधुनिक आहेत, म्हणजे त्यांच्याकडे बघून माणूस आधी शिल्पाकडे, मग शेजाऱ्याकडे आणि मग नदीकडे बघतो. एक अर्धवट उघडलेल्या दारासारखं आहे, एक सोललेल्या शेंगेसारखं. टोकाला, कड्याजवळ, काळ्या दगडाचं एक आहे. ते माझ्या धाकट्या भावाने, सुजितने केलेलं आहे.

आमच्या भागात ‘पर्मनंट’ या शब्दाला काय वजन आहे ते बाहेरच्यांना कळणार नाही. माझे वडील सोपानराव लातूरकडून पिंपरीत आले, कित्येक वर्षं टेम्पररी राहिले आणि ज्या दिवशी पर्मनंट झाले त्या दिवशी चाळीत पेढे वाटले. माझ्या लग्नात वाटले त्याहून ते चांगले होते असं आई सांगायची. सुजित आयटीआय करून चाकणच्या कंपनीत लागला आणि वडिलांच्या निम्म्या वेळात पर्मनंट झाला. मग एक दिवस राजीनामा देऊन तो राजगुरुनगरजवळ पत्र्याच्या शेडमध्ये दगड घडवायला जाऊन बसला. बाबा म्हणाले, “दगडच फोडायचे होते तर आयटीआय कशाला केलास रे?” सुजित म्हणाला, “फोडत नाही बाबा, घडवतो.” त्यानंतर दोघांचं बोलणं थांबलं. आई नाही, बाबा माझ्याकडे मोशीला असतात. सुजित फोन मला करतो आणि बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात.

शिल्प बसवलं तेव्हा सुजितने मला सांगितलं, “ताई, बाबा सेकंड शिफ्टहून आल्यावर बूट न काढता पायरीवर बसायचे ना? तेवढंच आहे ते. नाव पण तेच दिलंय, ‘शिफ्ट सुटल्यावर’.” मी जाऊन पाहिलं. त्यात नाक, डोळे, हात काहीच नव्हतं. एक वाकलेली पाठ होती, आणि गुडघ्यांवरून कशाचा तरी भार खाली उतरत होता. मी बराच वेळ उभी राहिले. बाबांनी हे बघायलाच हवं असं वाटलं.

साधी मुलगी असती तर म्हणाली असती, “बाबा, चला, सुजितने केलेलं बघू.” बाबा म्हणाले असते, “नाही.” विषय संपला असता. पण आमच्या प्रयोगशाळेत नमुना कोणाचा आहे ते तपासणाऱ्याला सांगत नाहीत, बाटलीवर फक्त खूण असते, त्यामुळे मत निर्मळ राहतं. मी तीच पद्धत घरी वापरायची ठरवलं. बाबांना टेकडी बघायला न्यायचं, शिल्पकाराचं नाव झाकायचं, त्यांचं मत ऐकायचं आणि मग सांगायचं. योजनेत मला एकही दोष दिसला नाही. अजूनही ती कागदावर चांगलीच दिसते.

पहिली चूक अशी की मी शेजारच्या वर्षालीला सांगितलं. एवढंच म्हटलं, की रविवारी बाबांना एका टेकडीवर नेतेय. रात्रीपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर ‘करडमाळ दर्शन, एक दिवसीय सहल’ असा फलक झळकला. त्यावर सूर्यफुलं होती. आमचे चेअरमन जयदीप दारात येऊन उभे राहिले.

“वहिनी, एवढा भारी पॉइंट आणि तुम्ही एकट्या जाणार? सोसायटी म्हणजे कुटुंब असतं.”

“वडिलांना शांतपणे बघायचं होतं.”

“शांतपणेच जायचंय. टेम्पो ट्रॅव्हलर सांगितलीय.”

मग सल्ले सुरू झाले. वर्षालीच्या सासूबाई, दुर्गाबाई, म्हणाल्या की टेकडीवर वारा असतो, कानाला बांधा. दुसऱ्या मजल्यावरून सूचना आली की मिसळ नको, घाटात त्रास होतो. त्या रस्त्याला घाट नाही असं मी सांगितलं. तरी मिसळ रद्द झाली. कुणी तरी लिहिलं की जाता जाता देहू करू, रस्त्यातच आहे. मोशीहून देहू पश्चिमेला आणि चाकण उत्तरेला, हे मी नकाशा टाकून दाखवलं. जयदीप म्हणाले, “वहिनी, देव कधी आडरस्त्याला असतो का?” सुदैवाने ट्रॅव्हलरवाल्याला दिशांचं ज्ञान होतं.

दुसरी अडचण परवानगीची. मोठा गट न्यायचा तर आधी पत्र लागतं असं टेकडीखालच्या पाटीवर लिहिलं आहे. कोणाचं पत्र, ते लिहिलेलं नाही. मी टेकडी ज्यांच्या हद्दीत येते त्या कार्यालयात गेले, ते म्हणाले शिल्पं कंपनीची. कंपनीला फोन केला, ते म्हणाले आम्ही हस्तांतर केलं. पुन्हा कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी अर्ज पुढे केला आणि ‘उद्देश’ या रकान्याशी माझी गाडी अडली. मी लिहिलं, ‘पाहणे’.

“पाहणे असं नसतं, मॅडम,” त्या म्हणाल्या. “शैक्षणिक, धार्मिक, नाही तर फोटोशूट.”

“पण आम्ही बघायलाच चाललोय.”

“शैक्षणिकला शाळेचा शिक्का लागतो. फोटोशूटला नवरा-नवरीची नावं लागतात. धार्मिकला काय लागत नाय.” आणि माझ्या उत्तराची वाट न बघता त्यांनी धार्मिकपुढे खूण केली. मी हरकत घ्यायला हवी होती. पण मागे रांग होती, आणि रांगेत मागे माणसं असली की माझी तत्त्वं जरा घाईत असतात.

रविवारी आम्ही निघालो. माझ्या नवऱ्याची, नवनाथची, त्या दिवशी शिफ्ट होती. त्याला मी तेव्हा दुर्दैवी समजत होते. ट्रॅव्हलरसमोर नारळ फोडायचा म्हणून जयदीपांनी नारळ आणले होते. एक फोडला, बाकीचे डिकीत राहिले. सगळे नारळ तिथेच फोडले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती.

टेकडीच्या फाटकावर दत्तोबा नावाचे गावातले वयस्कर राखणदार होते. त्यांनी परवानगीचं पत्र लांब धरून वाचलं.

“धार्मिक?” ते म्हणाले. “हितं? आमी रोज हितं बसतो, आमाला तर कोन देव दिसला न्हाई. कोनता देव म्हनायचा?”

“तसं काही नाही,” मी म्हटलं.

“आसंल, आसंल. शिकल्याली मानसं, तुमास्नी ठाव आसंल.” आणि त्यांनी फाटक उघडलं.

बाबांचे गुडघे दुखतात, ते हळूहळू चढत होते. बाकी मंडळी वडापावाच्या पिशव्या उघडून पहिल्या शिल्पाशी फोटो काढत होती. मला थोडा वेळ होता. मी झपाझप पुढे गेले, नमुना तयार करायला.

आता मी काय केलं ते क्रमाने सांगते, कारण त्यातल्या प्रत्येक कृतीला कारण होतं. चौथरा गुळगुळीत होता आणि माझ्या सँडलला चिखल होता, म्हणून मी सँडल काढून खाली ठेवल्या. दगडावर धूळ बसली होती. काळा दगड ओला झाल्याशिवाय त्याचा पोत दिसत नाही, म्हणून बाटलीतलं पाणी वरून हळूहळू ओतलं. पाणी सगळीकडे नीट उतरलं की नाही ते बघायला भोवती फिरले, आणि उजव्या बाजूला बाभळीचं झुडूप आडवं आल्यामुळे डावीकडून सुरुवात केली. उरलं नाव. चौथऱ्याच्या पायाशी पितळी पाटी होती, त्यावर शिल्पाचं नाव आणि खाली सुजितचं. ती झाकायला पर्समध्ये काय मिळालं? हळदीकुंकवात आलेला हिरवा ब्लाउजपीस. असले ब्लाउजपीस कोणी शिवत नाही. ते एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहतात, माझ्याकडे तो मुक्कामाला होता. तो मी घडी करून पाटीवर ठेवला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर एक दगड ठेवला.

खरं तर नियमाने सगळ्याच शिल्पांच्या पाट्या झाकायला हव्या होत्या. एकच झाकली की प्रयोग एकांगी होतो. ही माझी पद्धतीतली चूक, आणि मी ती मान्य करते.

बाबा आले. धापा टाकत दगडासमोर थांबले. मी दोन पावलं मागे सरकले. ते मान जराशी कलती करून, कारखान्यात लेथवरून उतरलेला जॉब तपासावा तसे बघत राहिले. ओल्या दगडावर ऊन आलं होतं आणि ती वाकलेली पाठ स्पष्ट दिसत होती. बाबांचा हात नकळत स्वतःच्या गुडघ्यावर गेला.

“स्वरूपा,” ते हळूच म्हणाले, “हे तर कुणीतरी...”

“थांबाऽऽ! चपला काढा आधी!”

दुर्गाबाई. कानाला मफलर, हातात नारळ. खालच्या वळणावरून त्यांनी सगळं पाहिलं होतं: अनवाणी बाई, पाण्याचा अभिषेक, प्रदक्षिणा आणि हिरवी ओटी. मागून वर्षाली, जयदीप आणि निम्मी सोसायटी धावत येत होती.

“अगं, नवसाचं होतं तर सांगायचं ना!” दुर्गाबाई मला म्हणाल्या. “एकटीच गुपचूप उरकायलीस?”

“काकू, हे शिल्प आहे.”

“देवाचं शिल्पच असतं गं.”

“मी पाणी पोत बघायला ओतलं.”

“ज्याची त्याची श्रद्धा,” असं म्हणत त्यांनी नारळ चौथऱ्यावर आपटला. मी त्यांना अडवायला हात पुढे केला, तो त्यांनी प्रसादाला पुढे केलाय असं समजून त्यावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

दत्तोबा वर आले. पत्रातला धार्मिक उद्देश त्यांना आता दिसला होता. त्यांच्या खोलीत शनिवारच्या मारुतीसाठी शेंदूर होता, तो ते घेऊन आले. मग वाद झाला. ओटी आहे म्हणजे देवी, असं दुर्गाबाईंचं म्हणणं. “पाठीवरनं बाप्या वाटतूय, काकू, म्हसोबा आसंल,” असं दत्तोबांचं. जयदीपांनी मीटिंगमधल्यासारखा हात वर करून दोघांचंही नोंदवून घेतलं आणि ठराव केला की सध्या नुसता देव म्हणू, बाकीचं पुढे ठरवता येईल. तोवर शेंदूर लागून गेला होता.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी टोपी काढली होती. डोळे मिटून, हात जोडून ते उभे होते, ओठ हलत होते.

तेव्हाच सांगायला हवं होतं. एक वाक्य होतं: बाबा, हे सुजितने केलंय. पण सगळ्यांदेखत, हात जोडलेल्या माणसाला, शेंदराच्या वासात? मी सोयीची वेळ शोधत राहिले. परतीच्या गाडीत मी विचारलं, “बाबा, मघाशी तुम्ही काहीतरी म्हणत होता. ‘हे तर कुणीतरी’... पुढे काय?”

“मी?” बाबांनी आठवून पाहिलं. “देवच म्हणत असेन की.”

रात्री सुजितचा फोन आला. मी बाबांना घेऊन जाणार हे त्याला माहीत होतं. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून त्याने विचारलं, “बाबा काय म्हणाले?”

मी खोटं बोलत नाही. माझा स्वभावच तसा आहे, आणि नोकरीही. मी म्हटलं, “बोलले नाहीत काही. हात जोडले.”

तो म्हणाला, “हात जोडले? बाबांनी?” आणि लगेच पुढे, “ताई, पुढच्या रविवारी आणशील त्यांना? मी पण येतो.”

इतकं अचूक आणि इतकं चुकीचं उत्तर मी आयुष्यात दिलं नव्हतं.

आठवड्यात मध्येच एक दिवस रजा काढून मी टर्पेंटाइनची बाटली आणि कापूस घेऊन करडमाळावर गेले. शेंदूर तेलात कालवलेला असतो, दगडाला धक्का न लावता तो काढता येतो. वर पाहिलं तर दगडावर पत्र्याची सावली आली होती, घंटा आली होती, आणि चौथरा वाढवून सिमेंटचा ओटा केला होता.

“दत्तोबा, इथली पितळी पाटी कुठे गेली?”

“वट्यात गेली, ताई. आडवी येत व्हती.” मग ते खाली बसलेल्या बायकांना म्हणाले, “उठा गं, वाट द्या. ह्याच त्या ताई, ज्यांनी देव वळकला.”

एका आजीने माझ्या पाया पडायचा प्रयत्न केला. माझ्या हातातली बाटली दत्तोबांनी आदराने घेतली, तेल समजून समईत ओतायला निघाले. ती परत मिळवताना मला जे बोलावं लागलं, त्याला गावात आता ‘ताईंना तेलाचा नेम आहे’ असं म्हणतात. टेकडीला आग लागली नाही, एवढंच माझ्या पदरात पडलं.

सुजितला फोनवर सांगायचा प्रयत्न मी दोनदा केला. दोन्ही वेळा तो इतक्या आनंदात होता, की मी हवामानाबद्दल बोलले.

रविवारी बाबांना सांगावंच लागलं नाही. ते स्वतःच आंघोळ करून तयार होते. हातात हार होता. आम्ही पोहोचलो तेव्हा देवापुढे बऱ्यापैकी रांग होती. बाबा रांगेत उभे राहिले. त्यांचा नंबर आला, त्यांनी हार घातला, हात जोडले. तेवढ्यात सुजित वर आला.

इस्त्रीचा शर्ट घातला होता त्याने. मी त्याचा चेहरा बघत होते. आधी पत्रा दिसला त्याला, मग घंटा, मग तो केशरी दगड, मग त्यासमोर वाकलेले बाबा. तो माझ्याकडे वळला. मी नकळत मान खाली घातली.

“ओ दादा,” दत्तोबा त्याला म्हणाले, “चपला बाहीर.”

सुजितने चपला काढल्या.

बाबा मागे वळले आणि समोर मुलगा. मला वाटलं, आता टीव्हीचा आवाज वाढवायला इथे टीव्ही नाही. बाबांचे डोळे एकदम भरून आले. त्यांनी देवाकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, पुन्हा देवाकडे पाहिलं.

“पावला,” ते म्हणाले. “अरे, पावला की लगेच!”

“काय झालं बाबा?” सुजितने विचारलं.

“मागच्या रविवारी मागितलं होतं याच्याकडं. म्हणलं, पोरगं माझ्याशी बोलत नाही, ते परत माझ्यासमोर येऊन उभं राहू दे.” त्यांनी सुजितचा दंड पकडला. “आणि तू हजर! स्वरूपा, तुला पटत नाही ना? बघ आता.”

मी तोंड उघडलं. सुजितने किंचित मान हलवून मला थांबवलं. ते वाक्य अजून माझ्याकडेच आहे.

तो घरी जेवायला आला. दोघं बोलले, पावसावर, पिंपरीच्या जुन्या चाळीवर, गुडघ्यांवर. जेवण झाल्यावर बाबा आत गेले आणि रुमालात बांधलेलं काहीतरी घेऊन आले. चांदीचे डोळे होते, चिंचवडहून आणलेले. नवसात तेही कबूल केलं होतं.

“देवाला डोळे नाहीत,” बाबा म्हणाले. “सुज्या, तुला दगडाचं काम येतंय ना? मग तूच बसव. बाहेरचा माणूस नको. काम चांगलं झालं पाहिजे.”

तू करतोस त्याला काम म्हणतात, हे बाबा त्याला पहिल्यांदाच सांगत होते. सुजित त्या डोळ्यांकडे बघत राहिला. ज्या दगडाला डोळे नसावेत म्हणून तो कितीतरी रात्री झोपला नव्हता, तो दगड. “बसवतो,” तो म्हणाला.

कालच आम्ही तिघं गेलो होतो. सुजितने आपली बारीक छिन्नी आणली होती. त्याने शेंदूर थोडासा खरवडला, तेव्हा खालचा काळा दगड तेवढ्यापुरता दिसला आणि त्याचा हात तिथेच थांबला.

“कुठं बसवू, बाबा?”

बाबा जवळ सरकले. त्यांनी मान कलती केली, पहिल्या दिवशी केली होती तशीच. मग सुजितचं मनगट धरून छिन्नीचं टोक जरा खाली आणलं.

“इथं. नजर खाली पाहिजे,” ते म्हणाले. “दमलाय तो. बघ की कसा बसलाय.”

सुजितने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही त्याच्याकडे पाहिलं नाही.

“स्वरूपा,” बाबा म्हणाले, “पाणी ओत गं थोडं. दगड नीट दिसू दे त्याला.”

मी सँडल काढल्या आणि पाणी ओतलं.